दगडाबाईच्या नावाचं कवच

वडूजच्या भाऊसोनं तालमीत कान मोडून घेतले, पण राग काही त्याच्याच्यानं मोडला नाही. हा राग बापाकडून आला होता. बापानं भाऊसोच्या आईला, दगडाबाईला, चुलीपुढं लाथ घातली आणि ती बाई रक्त ओकत गेली. भाऊसो तेव्हा शाळेत होता. बापासारखा हात उचलणार नाही, अशी त्यानं चितेपुढं शपथ घेतली. कसली शपथ! पुढं एका वरातीत त्यानं एकाचे दात पाडलेच.

आता तो सांगलीच्या एका कॉलेजात शिकवतो. समुद्रतळाचा खडक ॲसिडात विरघळवायचा, उरला गाळ काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, हे त्याचं काम. फार प्राचीन काळी समुद्रातले एकपेशी जीव वाईट दिवसांत कवच करून आत निजत, दिवस पालटले की कवचाला भोक पाडून निघून जात. त्या भोकाचा आकार आणि अंगावरची शिंगं बघून जात ठरते. भाऊसोला एक कवच असं सापडलं, की तसलं आजवर कुणी नोंदलंच नव्हतं. खूप गाळ चाळला, पण दुसरं मिळेना. या जातीला आईचं नाव द्यायचं त्यानं ठरवलं. गावात तिचं नाव कुणी काढत नव्हतं, निदान इथं तरी राहिलं असतं. त्यासाठी ते एकुलतं कवच संग्रहालयात जमा करावं लागतं. नुसता फोटो चालत नाही.

कवचाची काचपट्टी पाठवायच्या दिवशी सोबत शिकवणारा, गावाकडचाच यशराज ती बघायला सूक्ष्मदर्शकावर वाकला.

"ही जुनीच जात हाय गड्या. शिंगं तुटल्याती म्हणून येगळी वाटती."

"तुटली न्हाईत. टोकं बघ, गोल हायती."

"आईच्या मायेनं जात बनत न्हाई रं. आन् लाथ खाऊन मेलेल्या बाईचं नाव कशाला?"

भाऊसोचं डोकं फिरलं. त्यानं यशराजची गचांडी धरून त्याला भिंतीवर तोंडघशी आपटलं. नाकाचं हाड कडकन मोडलं. पडलेल्याच्या बरगडीत त्यानं लाथ घातली, टाचेनं, बाप घालायचा तशी. यशराज टेबलाला धरून उठू लागला. भाऊसोनं मूठ हाणली, यशराजनं मान वळवली आणि मूठ सूक्ष्मदर्शकावर बसली. काचपट्टीचा चुरा झाला.

यशराज भेलकांडत बाहेर पळाला. भाऊसो मुठीतल्या काचा उपसून एकेक तुकडा दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरत राहिला. कवच कुठंच नव्हतं. दिसत होत्या फक्त रक्ताच्या तांबड्या पेशी, एकीला एक चिकटलेल्या.

"रगात बापाचंच हाय," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.