बारा बोअर आणि अक्षता

राग माझ्या नाकावर असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. ऑफिसात मी शांत माणूस म्हणून ओळखला जातो, कारण तिथे ओरडलं की एचआर बोलावतं. घरी मात्र दारं आपटतो. एकदा ताट सिंकमध्ये इतक्या जोरात टाकलं की ते फुटलं, आणि फुटलं म्हणून मी त्याच्यावरच चिडलो. इथे परदेशात बंदुकीच्या परवान्याच्या अर्जावर बायकोची सही मागतात. माझ्या बायकोनं पेन हातात धरून विचारलं, "घरात तुझा आवाज पुरत नाही का?" मग केली सही. बाहेर आदळआपट करून आला तर घरी जरा शांतता मिळेल, असा तिचा हिशेब होता.

काही महिने तो खराही ठरला. मी मल्टिगन नावाचा नेमबाजीचा खेळ धरला. त्यात एकाच फेरीत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन, तिन्ही वापरत धावायचं. घड्याळ चालू असतं. पिस्तूल मी सरकारनं पिस्तुलांची नवीन खरेदी बंद करायच्या जरा आधी घेतलं होतं. रायफल निवडायला वर्ष गेलं, कारण सरकारची बंदीची यादी वाढतच होती. आज मनात भरलेली रायफल महिन्याभरात त्या यादीत जायची. शेवटी परवानगी असलेली एक साधी घेतली. शॉटगन मात्र मी दुकानात पाहताक्षणी ठरवली. बारा बोअर, सेमी-ऑटोमॅटिक, वजनाला हलकी. दुकानदारानं परोपरीनं समजावलं, जड घे, जड बंदूक खांद्याला कमी मारते, दुसरा बार लवकर नेमका बसतो. सगळे जिंकणारे जडच घेतात. मी हलकी घेतली. मला तो खांद्यात बसणारा धक्का हवा होता.

त्या बंदुकीनं मला चांगलंच बदडलं. पहिल्या महिन्यात उजवा खांदा काळानिळा पडला. एका वेळी चार काडतुसं अंगठ्यानं आत रेटायची असतात, त्यात डाव्या अंगठ्याचं नख उखडलं आणि काडतुसांवर रक्त आलं. मी पट्टी बांधून पुन्हा रेटत बसलो. समोर पोलादी पाट्या उभ्या असतात, छर्रे लागले की खाडकन आडव्या होतात. त्या पाट्यांना मी मनातल्या मनात माणसं वाटून द्यायचो. ही मॅनेजर, ही हायवेवर आडवा आलेला ट्रकवाला. सगळ्या झोपल्या की अंगातून गरम पाणी ओसरल्यासारखं वाटायचं. हे सुख मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षी आई नागपूरहून आली होती. दसरा शनिवारी, माझी मोसमातली शेवटची मॅच रविवारी. सकाळी आई म्हणाली, "शस्त्रं आहेत ना घरात? मग पूजा नको?" आमच्याकडे दसऱ्याला लॅपटॉप, गाडी, बर्फ काढायचं मशीन, सगळ्याला हळदकुंकू लागतं. मलाही कल्पना आवडली. घरात खरीखुरी शस्त्रं असलेला आमच्या खानदानातला मी पहिलाच. बेसमेंटमधल्या तिजोरीतून तिन्ही काढली, रिकामी आहेत हे दिसावं म्हणून बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारे खटके, मागे ओढून उघडे ठेवले आणि चादरीवर मांडली. आईनं गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, मग कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर टाकल्या. मी समोरच उभा होतो. काही दाणे शॉटगनच्या उघड्या पोटात पडताना मला दिसले. नंतर मी फडक्यानं वरवर पुसलं, बंदूक उलटी करून झटकली. आतलं साफ करायला ती उघडावी लागली असती. आदल्याच रात्री मी तिला तेल घातलं होतं, म्हणून कंटाळा केला.

आईला मॅच बघायची होती. रेंजवर पिवळ्या दोरीमागे घडीची खुर्ची टाकून तिला बसवलं, स्वेटरवर पदर, कानावर आवाज अडवणारे मोठे मफ, डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा. तिथला नियम एकच, आणि तो पहिल्या दिवशी डोक्यात ठोकून बसवतात: हातात बंदूक असताना नळीचं तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडेच. काहीही झालं तरी मागे वळायचं नाही. घड्याळ घेऊन मागोमाग धावणारा रेंज ऑफिसर त्याच्यावर डोळा ठेवून असतो. आमचा म्हणजे पांढऱ्या दाढीचा, बैलासारखा आडवा माणूस, आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला.

बीप झाला. रायफलनं लांबच्या पाट्या झटपट वाजवल्या. रायफल त्यासाठी ठेवलेल्या पिंपात टाकली, पिस्तुलानं कागदी निशाणं फाडली, धावत टेबलाकडे गेलो आणि शॉटगन उचलली. पहिल्या दोन पाट्या आडव्या. मी आघाडीवर होतो, हे मला छातीत कळत होतं. तिसऱ्या वेळी चाप दाबला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. बोल्ट पुरता मिटला नव्हता, बोटभर उघडाच अडकला होता, आणि त्या फटीत मला लाल दिसलं. कुंकवाचा लाल.

डोक्यात तिडीक गेली. मी बोल्टवर तळहातानं गुद्दे मारले. तळहात फाटला. घड्याळ चालूच. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "काय झालं रे? काय करून राहिला तू?"

मी वळलो.

"तुझ्यामुळे!" असं ओरडत मी सबंध अंगानं वळलो, आणि माझ्याबरोबर बंदूक वळली. नळी दोरीवरून फिरत गेली आणि आईवर येऊन थांबली. ती आपोआप थांबली नाही. मी तिच्याशी बोलत होतो, म्हणून मी थांबलो. आणि माझ्या बोटानं चाप दाबलेला होता.

रेंज ऑफिसरनं हाताच्या फटक्यानं नळी वर उडवली, बंदूक हिसकावली आणि मला छातीनं टेबलावर दाबून धरलं. माझा ओठ फुटला. मी त्याला ढकलायला गेलो, त्यानं कॉलर पिळली. "डोन्ट यू मूव्ह. डोन्ट यू डेअर मूव्ह." मग त्यानं बांधाकडे तोंड करून बोल्ट जोर लावून मागे ओढला. जिवंत काडतूस वाळूवर पडलं. त्यानं ते उचललं, पितळी कडेला चिकटलेला चपटा लाल दाणा नखानं खरवडला आणि मला दाखवला.

"व्हॉट इज दिस?"

"राइस," मी म्हणालो.

"दिस इज द ओन्ली रीझन इट डिडन्ट गो ऑफ." एवढं बोलून तो मागे दोरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यू आर डन. टेक युअर मदर होम."

मी गाडी घराकडे काढली. आईनं मफ मांडीवर ठेवले होते, परत द्यायचे राहून गेले होते. तिला काही कळलं नसेल अशी मला आशा होती. नियम मोडला म्हणून बाहेर काढलं, एवढं सांगून भागलं असतं. वाक्य मी मनात तयारही केलं. पण मध्येच एका कॉफी शॉपच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली, दार उघडून ओकलो आणि परत बसलो.

"आई, ती भरलेली होती," मी म्हणालो. "माझं बोट चापावर होतं. मी दाबला होता."

"माहीत आहे," आई म्हणाली. "दिसलं मला."

"तुला बंदुकीतलं काय कळतं?"

"बंदुकीतलं नाही कळत. माणूस चिडून वळला की मी आधी त्याचा हात बघते. तुझ्या बाबांच्या वेळची सवय आहे."

तिनं पर्समधून रुमाल काढला आणि ओठ पूस म्हणून माझ्या हातात दिला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. बारावीनंतर मी हॉस्टेलला होतो. सुट्टीत आलो की कधी तिच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली दिसायची, कधी दंडावर डाग. कपाटाचं दार लागलं, ती म्हणायची. आमच्या घरात ते एकच कपाट होतं आणि त्याला सरकती दारं होती. मी कधी दुसरा प्रश्न विचारला नाही. आता विचारावा असं वाटलं, पण कुठल्या तोंडानं विचारणार होतो?

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सही मीच केली होती." रायफल आणि शॉटगन मी विकली. पिस्तूल आता कुणाला विकता येत नाही, ते पोलिसांना फोन करून देऊन टाकलं. रागासाठी एका समुपदेशक बाईकडे दर आठवड्याला जायला लागलो. ती मला श्वास मोजायला लावते. दारं आपटणं थांबलं. बायको म्हणते फरक पडलाय.

आई परत जायच्या आदल्या आठवड्यात पोळ्या करत होती. मी ओट्याशी पाठमोरा उभा राहून काकडी चोचवत होतो, आणि तवा जास्त तापल्याचा वास आला म्हणून "आई, तवा!" असं म्हणत झटकन वळलो. मी मुळीच चिडलेलो नव्हतो. तिचं लाटणं पोळीवर जागच्या जागी थांबलं. ती तव्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडेही नाही. तिनं माझे दोन्ही हात पाहिले, आधी उजवा, मग डावा, आणि मगच हात लांब करून गॅस बारीक केला.