एकेचाळीस

शहाण्णव साली परभणीला बास्केटबॉलच्या सामन्यात डोंगरकड्याच्या संतरामने एकट्याने एकेचाळीस गुण केले. संघ हरला, पण गाव त्याला ‘एकेचाळीस’च म्हणू लागलं. त्यावर नोकरी कुठली लागायला? तरी त्या नावाच्या तोऱ्यात त्याने दहा वर्षं काढली.

मग कळमनुरीच्या बाजारात संघातला जुना गडी प्रेमदास भेटला. संतरामने तीच गोष्ट पुन्हा काढली.

“बराबर हाय,” प्रेमदास शांतपणे म्हणाला. “पण तुला ज्याला अडवायचं व्हतं, त्यानं त्रेचाळीस केले. आपण दोनानंच हरलो. तू मागं पळतच नव्हता, गड्या.”

संतराम गावात परतला. हॉटेलातून कुणीतरी मायेने हाक मारली, “एकेचाळीस, चहा घे की.”

मरेपर्यंत आता हीच शिवी ऐकायची होती.