डब्लिन तसं जवळच

आमच्या मुलीला आयुष्यभर सगळं लांबच वाटत आलं. एटोबिकोतल्या आमच्या घरापासून मिसिसागातलं माझ्या नणंदेचं घर गाडीने वीस मिनिटांवर, पण हळदीकुंकवाला चल म्हटलं की ठरलेलं उत्तर, "इट्स सो फार, आई." तीच मुलगी गेल्या वर्षी शिकायला व्हिएन्नाला गेली. ऑगस्टमध्ये कोर्स संपला की परत यायचं, असं ठरलं होतं. मी तर तिची खोली रंगवूनही घेतली.

एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला. कॅमेरा बंद आणि मागे पक्ष्यांचा नुसता कलकलाट.

"कसला गं आवाज?"

"कबुतरं आहेत."

माझा जन्म रत्नागिरीचा. समुद्रपक्षी कसे ओरडतात ते मला पाठ आहे, आणि व्हिएन्नाला समुद्र नाही एवढा भूगोलही येतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची खोड जुनीच.

"कुठल्या समुद्रावर आहेस?" मी सरळच विचारलं.



"डब्लिन. फ्रेंडकडे आलेय, वीकेंडला. इट्स सुपर क्लोज, आई. फ्लाइटला तीन तासपण नाही लागत."

"कितव्यांदा गेलीस?"

"फिफ्थ? मेबी सिक्स्थ."

फोन ठेवून मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इंजिनिअर. सुख असो की दुःख, आधी आकडा बघणार. त्यानं लॅपटॉप उघडला.

"सतराशे किलोमीटरच्या आसपास. पुणे-दिल्लीच्या जवळजवळ दीडपट."

"आणि मिसिसागा लांब," मी म्हणाले. आम्ही इतके हसलो की चहा उतू गेला. नुसत्या मैत्रीसाठी कुणी इतक्या वेळा विमानात बसत नाही, हे कळायला पत्रिका मांडावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून फोन केला, या वेळी कॅमेरा चालू ठेवून. मित्र आयरिश होता, मुलगा चांगला होता, आणि तिला डब्लिनमध्येच नोकरीही मिळत होती.

"मी ऑगस्टमध्ये नाही आले तर? आर यू गोइंग टू बी मॅड?"

माझी नजर तिच्या रंगवलेल्या खोलीकडे गेली. तेवढ्यात शेजारून नवरा म्हणाला, "इथून आपल्याच देशातलं व्हँकुव्हर विमानानं पाच तास, डब्लिन साडेसहा-सात. फार फार तर दोन तासांचा फरक. तसं जवळच आहे."

ती खुदकन हसली. मलाही हसू आलं. म्हणजे या माणसानं हे आधीच शोधून ठेवलं होतं, आणि मला न सांगता मनाची तयारीही करून टाकली होती. माझी अजून व्हायची होती.

"रागावणार नाही गं," मी म्हणाले. "मला तू इथे हवी होतीस, एवढंच."

तिनं स्क्रीन जवळ ओढला. "मला पण तू इथे हवी आहेस, आई."