सिस्टरच्या स्कूटरचं कुलूप

गल्लीत त्यांना फेजकाका म्हणत. वायरमनकीत त्यांची उभी हयात गेली, आणि कुणाचं काहीही बिघडलं, मिक्सर असो की जावई, काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आधी फेज तपासलास का?"

त्यांची बायको चौतीस वर्षं नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून काकाही म्हणू लागले. आधी थट्टेनं, मग सवयीनं. स्कूटर तिची. विजेच्या खांबावर सरसर चढणाऱ्या काकांना दोन चाकांवर तोल काही जमला नाही, तेव्हा ते कायम मागच्या सीटवर. लोक हसायचे. काका म्हणायचे, "हसा लेको. मला फुकटची हवा मिळते आणि रस्त्यावरच्या शिव्या तिला."

चार महिन्यांपूर्वी सिस्टर निवृत्त झाली आणि त्याच आठवड्यात स्कूटरच्या कुलपानं मान टाकली. चावी आत नुसती गरगर फिरायची. स्कूटर थांबली तशी सिस्टरही थांबली. भाजी दारावर, मैत्रिणींना फोनवर "गुडघा दुखतोय गं." गुडघा ठणठणीत होता, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. जिच्या हाताला कधी उसंत नव्हती, ती बाई खिडकीजवळच्या खुर्चीत रिकाम्या हातांनी बसून राही. शेवटी मुलानं लांबून फोनवरच ठरवून टाकलं, रविवारी पाच वाजता भंगारवाला येईल. सिस्टर एवढंच म्हणाली, "येऊ दे की."

ते तीन शब्द काकांच्या डोक्यातून जाईनात. स्कूटर गेली की ही पुन्हा उंबरठा ओलांडायची नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

रविवारी जेवण आटोपल्या आटोपल्या त्यांनी अंगणात जुनी चादर पसरली. "मी बसवतो नवीन कुलूप. मागचंही मीच बसवलं होतं. सत्तावीस वर्षं टिकलं!"

हे वाक्य सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं. सिस्टर पायरीवर येऊन बसली.

हँडलवरचं झाकण निघालं, गंजलेले दोन स्क्रू तेल पाजून पाजून सुटले, आणि जुनं कुलूप काकांच्या तळहातावर आलं. चावी झिजून पार चपटी झाली होती. काकांना एकदम ते दिवस आठवले. ड्यूटी संपवून ती कोपऱ्यावर वळली की इंजिनाचा फटफट आवाज यायचा, आणि त्या आवाजावर काका चहाचं आधण ठेवायचे. ती दारात येईपर्यंत चहा उकळलेला असायचा. मग ती औषधाच्या वासासकट धपकन खुर्चीत बसायची आणि बूट काढता काढता वॉर्डातल्या गमती सांगायची. हल्ली काका घड्याळ बघून चहा टाकत. त्या चहाला चव नव्हती.

तसंच कुलूप आता कुठे मिळायला! मिळतंजुळतं आणलं होतं, पण वायरींचे रंग वेगळे. वायरमनला रंगाची काय पर्वा? काकांनी बॅटरी आणि एक छोटा बल्ब घेतला, चावी 'चालू'वर फिरवली की कुठल्या दोन वायरी आतून जुळतात ते बघितलं, आणि इंजिनाकडून येणाऱ्या दोन वायरी त्यांनाच जोडल्या. वर टेप असा गुंडाळला, की बघणाऱ्यानं शिकावं.

चावी चालू. किक. काही नाही. आणखी दहा किका. प्लग काढला, पुसला, लावला. पुन्हा किका. पावणेपाच झाले आणि काकांचा सदरा घामानं ओलाचिंब. हताश होऊन त्यांनी चावी बंद केली आणि रागारागात एक शेवटची किक हाणली.

स्कूटर धडधडून सुरू झाली! हर्षानं त्यांनी चावी 'चालू' केली, तशी ती मेली. काका आ वासून बघत राहिले.

पायरीवर सिस्टर तोंडावर हात दाबून हसत होती. "अहो, परत तेच केलंत!"

"परत म्हणजे?"

"घरातल्या बटणात वायरी जुळल्या की दिवा लागतो. हिचं उलटं आहे. कुलूप बंद केलं की त्या दोन वायरी जुळतात आणि इंजिन मरतं. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं मला तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हा कधी?"

"तुम्ही मागचं कुलूप बसवलंत, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सुरू होईना म्हणून ढकलत नेली, तर नीट जोडून देत म्हणाला, कुठल्या गाढवानं जोडलंय हे? मी म्हटलं, शेजाऱ्यानं."

सत्तावीस वर्षं! लग्नाकार्यांत, पाहुण्यांसमोर, मुलाच्या सासऱ्यांना बसवून बसवून सांगितलेली ती फुशारकी, आणि ही बाजूला पाण्याचे पेले ठेवत होती, भुवईसुद्धा न हलवता. काकांचे कान गरम झाले.

"मला का नाही सांगितलंस?"

"किती खूश होतात तुम्ही," ती म्हणाली. "दोन दिवस शीळ घालत होतात."

काकांनी मुकाट्यानं टेप सोडला. सिस्टर पायरीवरून उठली आणि तिनं बल्ब धरला. या वेळी चावी 'बंद' असताना जुळणारी जोडी त्यांनी शोधली. चावी चालू केली. तिसऱ्या किकेला स्कूटर सुरू झाली, आणि तेवढ्यात फाटकाशी हातगाडी येऊन थांबली.

"बाई, स्कूटर न्यायला आलोय," भंगारवाला म्हणाला.

"उशीर केलास रे. मीच नेतेय," म्हणत सिस्टर सीटवर बसलीसुद्धा. "अहो, उभे काय? बसा मागे."

काका बसले. कोपरा वळेपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला. मग पुढे वाकून विचारलं, "सिस्टर, मी दुरुस्त केलेलं आणखी काय काय तू गुपचूप दुरुस्त करून आणलंस?"

"घट्ट धरा," ती म्हणाली. "यादी मोठी आहे. लांबच्या रस्त्यानं जाऊ."