नियम जवाईबुवांनी समजावले

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणारच, आणि मला 'हो ना, काय गंमत!' असा चेहरा करून बसावं लागणार. त्यापेक्षा काय तो निकाल आधीच लागलेला बरा.

तर माझा धंदा असा की मालेगावात टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे म्हणाल ते. इंग्रजी कागद दिसला की भले भले घाम पुसतात. मी नाही पुसत. खरं तर थोडा पुसायला हवा होता, पण ते वय निघून गेलं.

सासुरवाडी मेडशीची. तिथे माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणतो, आणि त्यांचे धाकटे भाऊ किसनकाका, शेजारी शेजारी राहतात. दोन घरं, मधे एक भिंत, पुढे दोघांचा मिळून एकच लांब ओटा. आणि चार वर्षं दोघांत एक शब्द नाही!

कारण काय? धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, बोराचं झाड. काकांनी शेत सपाट करायला जेसीबी लावला आणि दोन शेतांच्या मधलं ते झाड आडवं झालं. त्याची बोरं इतकी आंबट की बकरीसुद्धा एकदाच खायची. पण तत्त्वाचा प्रश्न होता ना! तत्त्वापुढे चवीला कोण विचारतं?

बोलणं कसं चालायचं ऐका. मामाजी ओट्यावर बसून हवेला सांगायचे, "कोनाची तरी म्हैस आमच्या कडब्यात तोंड घालून राह्यली." दहा फुटांवर बसलेले काका भिंतीला सांगायचे, "म्हशीले काय धुरा समजते?" हवा आणि भिंत, दोघीही वैतागल्या होत्या.

मामाजींची नात पल्लवी पुण्याला नोकरीत आहे. या दिवाळीला ती पत्त्यांचा एक नवा खेळ घेऊन आली. आपले बावन्न पत्ते नव्हे. चित्रांचे पत्ते होते, किल्ले, हत्ती, शिपाई. मधे पाच किल्ले मांडायचे, दोन राजे समोरासमोर, आणि डोकं चालवून तीन किल्ले जिंकायचे.

"हा खेळ फक्त दोघांचा आहे," पल्लवी माझ्या बायकोला, वंदनाला म्हणाली. "तिसरा बसूच शकत नाही. दोन्ही आजोबांना एकदा समोरासमोर बसव ना आत्या. निदान 'तुझा डाव, माझा डाव' एवढं तरी बोलतील."

दोन्ही म्हाताऱ्यांचा जीव त्या पोरीत. माझ्यासाठी एक डाव खेळा म्हणून ती दोघांसमोर वेगवेगळी रडली, आणि दोघंही वेगवेगळे तयार झाले. ती पुण्याला परत गेली. जाताना वंदनाला म्हणाली, "नियमांचा कागद इंग्रजीत आहे. मी फोनवर समजावते."

इथे मी तोंड उघडलं.

"फोन कायले? मी काय मेलो काय?"

वंदना म्हणाली, "तिले समजावू द्या. तुमी राहू द्या."

पण सासुरवाडीत जावयाला एक मोठं सुख असतं. तो चुकतोय हे दिसलं तरी कोणी बोलत नाही, वरून तूप वाढतात. बायको सोडली तर मला अडवणारं त्या घरात कोणी नव्हतं. आणि बायकोचं ऐकायचं असतं तर हा किस्सा कशाला झाला असता?

कागद वाचला. पहिलंच वाक्य, पाळी आली की 'ड्रॉ' अ कार्ड. ड्रॉ! शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते आमच्या. म्हणजे चित्र काढा. एका क्षणात अर्थ लागला. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मामाजींना घेऊन बसलो. "मामाजी, पाळी आली का हातातल्या एका पत्त्याचं चित्र काढाचं. मंग तो पत्ता मांडाचा."

मामाजी म्हणाले, "चित्र? कायले?"

"डोक्याचा खेळ आहे मामाजी. चित्र काढलं का पत्ता ध्यानात राह्यते."

जावई म्हणतो म्हणजे असेल. बिचाऱ्यांनी वही आणली, पेन्सिल आणली, चष्मा लावला. दोन दिवस हत्ती काढण्याचा सराव केला. हत्ती म्हशीवर जात होता, पण जिद्द पाहण्यासारखी होती.

मग काकांकडे गेलो. मधल्या दोन दिवसांत मी टीव्हीवर क्रिकेट पाहिलं होतं आणि मॅच ड्रॉ झाली होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ड्रॉ म्हणजे बरोबरी! आता मला सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? मामाजींकडे परत जाऊन चूक सुधारतो. जावई काय करतो? जाऊ दे म्हणतो. चित्र काढल्यानं कोणाचं काय बिघडणार आहे?

काकांना सांगितलं, "काका, पाळी आली का पयले मोठ्यानं म्हनाचं, बरोबरी! मंग पत्ता मांडाचा. आन नको असलेला पत्ता फेकाचा."

"फेकाचा म्हंजे कसा?"

"फेकाचा म्हंजे फेकाचा! जोरात!"

काका खूश झाले. त्यांना आवडला तो नियम.

रविवारी सकाळी ओट्यावर सतरंजी पडली. एकीकडे मामाजी, वही-पेन्सिल घेऊन. दुसरीकडे काका, धुतलेलं धोतर नेसून. दोन्ही घरच्या बायका दारात उभ्या. मी मधे खुर्चीवर, पंचासारखा. चार वर्षांनी दोन भाऊ एका सतरंजीवर बसले होते आणि सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. मलाही भरून आलं. म्हटलं, काय माणूस आहेस रे तू!

पहिली पाळी काकांची. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मामाजींच्या तोंडासमोर ओरडले, "बरोबरी!"

मामाजींची मान वर झाली. नाकावरचा चष्मा हलला. पण पोरीला शब्द दिला होता. गिळलं त्यांनी. त्यांची पाळी आली, तसे वही उघडून चित्र काढू लागले. किल्ल्याचा पत्ता होता. चौकोन काढला, चार कोपऱ्यांना चार बुरूज काढले, बाजूला एक झाड काढलं.

काका मान उंच करकरून पाहत होते. झाड दिसल्याबरोबर त्यांचा रंग बदलला. ते भिंतीला म्हणाले, "लोकं खेळाच्या नावानं वावराचा नकाशा काढून राह्यले. धुऱ्यासकट!"

मामाजी हवेला म्हणाले, "लोकं मोठ्या भावाची बरोबरी करून राह्यले. तेबी ओरडून!"

मी म्हणालो, "खेळा, खेळा! छान चाललंय!"

हो, मीच म्हणालो.

पुढच्या पाळीला काका आणखी जोरात ओरडले, "बरोबरी!" आणि नको असलेला पत्ता फेकला. जोरात, मी शिकवला होता तसा. तो गरगरत गेला आणि मामाजींच्या नाकावर बसला. चष्मा खाली.

झालं! हवा आणि भिंत दोघींना सुट्टी मिळाली.

"किसन्या! मारतं काय मले?"

"तूच नकाशा काढून राह्यला, दादा! कोर्टात जातं काय?"

"कोर्टात? हत्ती घेऊन कोर्टात जाऊ? पाह्य, हे पाह्य वही!"

"हा हत्ती आहे? मले वाटलं माही म्हैस काढली!"

"आन तू कायची बरोबरी करतं माह्यासंग? आं? शेंबूड पुसला तुहा मी!"

मी खुर्ची हळूच मागे सरकवत होतो. तेवढ्यात वंदनाने माझं मनगट धरलं. मला वाटलं आता काही खरं नाही. पण ती कानात म्हणाली, "ऐका तं. बोलून राह्यले ते. एकमेकासंग."

खरंच की! चार वर्षांनी. शिव्या का असेनात, पण थेट पत्त्यावर पोचत होत्या.

तेवढ्यात मामाजी म्हणाले, "तुले कोनं सांगतलं असं ओरडाले?"

"जवाईबुवानं. आन तुले चित्र काढाले?"

"जवाईबुवानं."

दोन्ही माना सावकाश माझ्याकडे वळल्या. चार वर्षांत त्या दोन माना एका दिशेला पहिल्यांदाच वळल्या असतील, आणि ती दिशा मी होतो.

"त्याचं असं आहे," मी म्हणालो, "इंग्रजीत एका शब्दाचे लय अर्थ राह्यते."

वंदनाने पल्लवीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पल्लवीने सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ फोनमधून नुसता हसण्याचा आवाज येत राहिला. शेवटी म्हणाली, "अहो, ड्रॉ म्हणजे गड्डीतलं वरचं एक पान उचलायचं. बस!"

पान उचलायचं! मेडशीत शेंबडं पोरही रमी खेळताना म्हणतं, पान उचल. मी तेवढा सोडून जगातले बाकीचे सगळे अर्थ लावले होते.

मामाजी खाली वाकून चष्मा शोधू लागले. काकांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि पुढे केला. मामाजींनी घेतला. मग वहीतल्या झाडाकडे पाहत म्हणाले, "झाड तोडाच्या पयले एक डाव इचाराचं होतं, किसन्या."

"मी कोठी तोडलं, दादा? मी च्या प्याले गेलतो. वापस येऊन पायतो तं जेसीबीवाल्यानं आडवं केलतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं कोठी? तू तं डायरेक हवेसंग बोलाले लागला."

मामाजींनी वही मिटली. मग गड्डी काकांपुढे सरकवली. "उचल पान."

दुपारी दोन्ही घरांचं जेवण एकाच ओट्यावर झालं. पुरणपोळी, तूप, सगळं. मला वाटलं, आता थोडं श्रेय घ्यायला हरकत नाही. घसा साफ केला.

"काही म्हना मामाजी, माह्या हातून चूक झाली, पन तुमी दोघं जवळ आले ते माह्याचमुळं ना?"

मामाजींनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. माझ्या ताटात आणखी तूप वाढलं. मग भावाकडे वळून म्हणाले, "किसन्या, वंदीसाठी हा पोरगा पसंत कराले कोन गेलतं रे?"

"आपन दोघंच गेलतो, दादा."

"तवा आपलं दोघाचं एकमत होतं ना?"

"पक्कं," काका म्हणाले. "तवापासून मी तुह्यासंग कोन्त्याच गोष्टीवर एकमत करत नाही."