‘बसेल’ म्हणालो ती रायफल

माझ्या अरबाबाला बंदुकांचा नाद होता. अरबाब म्हणजे मालक. ज्याच्या नावावर आम्ही दुबईत राहायचो आणि आमचे पासपोर्ट ज्याच्या ताब्यात असायचे तो. त्याच्या लाँची इराणपर्यंत माल नेत आणि त्यांची इंजिनं मी सांभाळायचो. त्याच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर जुन्या बंदुका टांगलेल्या होत्या. शिकारीला तो कधी जात नसे. पाहुणे आले की एकेक खाली काढून तिची कुळकथा सांगायचा, आणि कॉफी प्यायची तर ती ऐकण्यावाचून गत्यंतर नसे.

साठच्या दशकातली ही गोष्ट. मला घर सोडून बरीच वर्षं झाली होती. गावी, रत्नागिरीकडे, अब्बांचा दमा बळावला होता. इंजिनाचं काम मला त्यांनीच शिकवलेलं. एकदा येऊन तोंड दाखव, असा त्यांचा निरोप बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक गाववाल्याबरोबर यायचा. शेवटी अरबाबाने पुढच्या बोटीने जा म्हणून सांगितलं आणि मी आनंदाने पेटी भरून ठेवली.

नेमका तेव्हाच एक इंग्रज अधिकारी मायदेशी निघाला आणि त्याने आपली रायफल विकायला काढली. बेल्जियमची, सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपसूक चढायची, चाप मात्र दर वेळी ओढावा लागायचा. असली एकही अरबाबाच्या भिंतीवर नव्हती. मला जुजबी इंग्रजी यायचं आणि लोखंडातलं कळायचं, म्हणून त्याने मला बरोबर नेलं.

इंग्रज माणूस सरळ होता. त्याने आधीच सांगितलं की हिच्यातला बोल्ट हिचा नाही. बोल्ट म्हणजे गोळी नळीत ढकलून मागचं दार लावून घेणारा तुकडा. कारखान्याने ही रायफल वेगवेगळ्या देशांच्या सैन्यांसाठी वेगवेगळ्या मापाच्या गोळीची केली होती. दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी, पण एकीचा पार्ट दुसरीला चालेलच असं नाही. कुणीतरी हिच्यात भलत्याच देशाचा बोल्ट घातला होता आणि तो पुरता मिटत नव्हता. मी हे सगळं अरबाबाला हिंदीत समजावलं. त्याच्या ओळखीचे दोन व्यापारीही तिथे बसले होते. अरबाबाने बोल्ट काढून माझ्या हातात ठेवला.

“बैठेगा?” त्याने विचारलं.

“बैठेगा,” मी म्हणालो.

आमच्या कोकणातल्या लाँचींवर इंजिनापाशी उभं राहून ‘नाही बसणार’ असं कुणी म्हणत नाही. भर समुद्रात लाँच चालवणारा तांडेल पार्ट पुढे करतो, तेव्हा तो याच इंजिनाचा आहे का, हे विचारण्यात काय अर्थ? बसेल म्हणायचं, कानस घ्यायची आणि घासून बसवायचा. अब्बा तेच करायचे. माझ्याही तोंडून सवयीने तेच गेलं. अरबाबाने दोन्ही व्यापाऱ्यांकडे पाहिलं, मान हलवली आणि माझ्या शब्दावर सौदा पक्का केला.

घरी येऊन मी कानस बाहेर काढली तर अरबाबाने माझं मनगट धरलं. अशा रायफलीला कानस लागली की जाणकार तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, तिच्याच जातीचा पार्ट शोधून बसवायचा, असं त्याने मला शांतपणे सांगितलं. आता आली का पंचाईत! माझी सगळी अक्कल त्या कानशीत होती. ते त्याला सांगण्याची मला लाज वाटली. तो रागावला नव्हता, उलट माझ्यावर त्याचा पुरता विश्वास बसला होता, आणि तोच माझ्या मुळावर आला.

बोट आली तेव्हा मी पासपोर्ट मागायला निघालो. अरबाबाकडे स्वयंपाक करणारे एक चाचा होते, दापोलीकडचे. अरबांमध्ये उभा जन्म काढलेला माणूस. त्यांनी मला जिन्यातच अडवलं.

“चार माणसांत जबान दिलीस ना तू? मग खलास. काम होईपर्यंत सुट्टीचं नाव काढू नको. पळतोय म्हणतील. तुझी इज्जत जाईल आणि त्याचीपण.”

मला ते पटलं. अरबाबाला मी रायफल झाली की जाईन एवढंच सांगितलं, अब्बांच्या दम्याचं काढलं नाही. बोट गेली. मग दुसरी गेली.

बहरीनहून एक बोल्ट आला, बसला नाही. बसऱ्याहून आला, तोही नाही. मी तो घालायचो, काढायचो, पुसून पुन्हा घालायचो. उन्हाळा चढला. गच्चीवर झोपलं तरी अंगाखालची चटई ओली व्हायची. जेवताना अरबाब आपल्या हाताने मटणाचा चांगला तुकडा माझ्यापुढे सरकवायचा आणि मला तो गिळवत नसे. शिव्या देणारा मालक असता तर भांडलो असतो, चोरून एखाद्या लाँचीत बसलो असतो. पण याच्याशी कशावरून भांडणार? पाहुण्यांना रायफल दाखवताना तो माझ्याकडे बोट करून हाच ती बसवणार आहे म्हणायचा. सगळे कौतुकाने बघायचे. मला वाटायचं, उठावं आणि थेट खाडीत उडी टाकावी.

एका दुपारी आमच्या शेजारच्या गावचा माणूस बोटीतून उतरला. त्याने मला धक्क्यावर बाजूला घेतलं. अब्बांची मय्यत होऊन महिना झाला होता. मी लाँचीचा पंप उघडून ठेवला होता. तो जोडला, हात धुतले आणि अरबाबाच्या घरी परतलो. चाचांशी बोलावंसं वाटेना. अरबाबाला सांगितलं असतं तर त्याने जवळ घेऊन माझी समजूत घातली असती, आणि ती मला नको होती.

थंडी सुरू झाली तेव्हा कुवेतकडून आलेल्या एका नाखव्याने योग्य बोल्ट आणून दिला. मी तो सरकवला आणि तो मुकाट मिटला. माझ्या हाताचं त्यात काहीच काम नव्हतं. आम्ही गावाबाहेर वाळूत गेलो. अरबाबाने एकामागून एक गोळ्या झाडल्या आणि हसत येऊन मला मिठी मारली. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. तेव्हा मी अब्बांचं सांगितलं.

तो तिथेच वाळूत बसला.

“बीमार था, तो तू गया क्यों नहीं?”

“जबान दी थी, अरबाब.”

“जबान तो बंदूक की दी थी, हबीबी. बाप को न देखने की किसने माँगी थी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः पासपोर्ट आणून दिला. आता गोड बोलायला त्याचं काय जातंय, असं चाचा म्हणाले. असेलही. पण त्या माणसाचे डोळे मी पाहिले होते. मला चाचांचा राग आला, त्याचा आला, आणि बोटीवर चढेपर्यंत दोन्ही राग निवून गेले. गावी पोचल्यावर सगळे मला कब्रस्तानात घेऊन गेले. फातिहा पढायला हात वर केले, पण शब्द आठवेनात. तोंडात फिरून फिरून एकच येत होतं: अब्बा, मला कुणी अडवलंच नव्हतं.