पेटी कुठवर ऐकू येते

खोटं कशाला सांगू, सरदारांपुढे मी चळचळा कापायचो. सरदार म्हणजे आमच्या तमाशाच्या फडाचे मालक आणि मुख्य गाणारे. मी बाजाची पेटी वाजवायचो. तमाशात पेटी तेव्हा नुकतीच शिरली होती. हंगामभर त्यांचा एकच घोशा, "तुझी पेटी ऐकू येत न्हाई. ढोलकी-हलगीखाली मरती ती." शेवटी म्हणाले, जत्रेत देवापुढे हजेरी लावायची आहे, तिथं पेटी ऐकू आली नाही तर पेटी बंद, तू बी घरी. घरी जाऊन काय करणार होतो, कपाळ? मला नांगर धरता येत नव्हता.

म्हणून सरदारांना घेऊन मंचरला शेटजींच्या दुकानात नवी पेटी निवडायला गेलो. दोन होत्या. एक लहान नि गोड, दुसरी मोठी नि खणखणीत. दुकानात काय, दोन्ही वाजतात! आमची रीत निराळी. मी ओट्यावर बसून वाजवायचं, सरदारांनी पाठ करून मोकळ्या बाजारतळावर चालत सुटायचं, आणि ऐकू येतंय तोवर उपरणं हलवायचं.

लहान वाजवली. तळाच्या मधल्या लिंबाच्या झाडापाशी उपरणं थांबलं. मोठीचा भाता जीव खाऊन मारला. पुन्हा लिंबापाशीच! मेलो आता, म्हटलं.

सरदार माझ्याकडे वळून नकाराची मान हलवत होते. त्यांच्यामागे, तळाच्या पार टोकाला, बाया कांदे निवडत होत्या. त्यातली एक ओरडली, "आरं ए पेटीवाल्या, थांबलास का? लई ग्वाड व्हतं की!"

मला ओट्यावर ऐकू आलं. सरदारांनी मान वळवली नाही.

अरे देवा! जन्मभर हलगीशेजारी उभं राहून माणसाचे कान गेले होते, आणि फडात कुणाला पत्ता नव्हता. आता हे त्यांना सांगायचं कुणी?

ते आले. "दोनी बी मुक्या."

मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "सरदार, त्या बाईला ऐकू आलं."

"कंच्या बाईला?"

मी बोट दाखवलं. ती हात उडवून अजून ओरडतच होती. सरदार तिच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत राहिले. चेहरा पांढराफटक पडला. मग माझं मनगट धरलं.

"मोठी घी. हजेरीला माज्या पायाशी बस," ते म्हणाले. "मी सुरातनं सुटलो, की धोतर वढ. कुनाला कळू देऊ नगंस, बाबा."

मला ते पहिल्यांदाच बाबा म्हणाले.